हिरवळीला फासण्या

२०२३च्या सप्टेंबरात, गणपती आठ दिवसांवर आले असताना, आमच्या सोसायटीच्या लॉनचं काम पाहणाऱ्या कंत्राटदाराने एक यंत्र आणलं. दिसायला गवत कापायच्या मशीनसारखंच, पण पोटाखाली एका आडव्या दांड्यावर ओळीने उभी पोलादी पाती. दांडा फिरला की पाती गवताच्या बुडाशी शिरून जे हाताला लागेल ते ओरबाडून वर फेकतात. यंत्राचं नाव स्कॅरिफायर. कंत्राटदार म्हणाला, "काका, लॉन वर्षातून एकदा खरवडावंच लागतं. कापलेलं गवत खाली सडत बसतं, मुळांना हवा मिळत नाही. इंग्लंडमध्येसुद्धा सप्टेंबरातच करतात." दुपारपर्यंत पुढचं सगळं लॉन पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं झालं होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजी रोजच्या दूर्वा खुडायला परडी घेऊन खाली आल्या आणि पायरीवरच थांबल्या. "आता एकवीस जुड्या मी कुठून आणू?" या त्यांच्या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हतं.

कंत्राटदाराचं म्हणणं त्याच्या एकट्याचं नाही. बागकामाचे व्हिडिओ पाहणारे, बंगल्यापुढे दोन गुंठे हिरवळ राखणारे, लँडस्केपिंगचे कोर्स केलेले, सगळ्यांची आता तीच समजूत आहे. म्हणून हा पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. हिरवळीच्या पात्यांखाली आणि मातीच्या वर मेलेल्या काड्यांचा थर साठतो. तो जाड झाला की पाणी आणि खत मातीपर्यंत पोचत नाही, बुरशी धरते, मुळं वरच्या वर राहतात. तेव्हा दर वर्षी तो ओरबाडून काढावा, म्हणजे हिरवळ निरोगी राहते. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसऱ्यात 'दर वर्षी' आणि 'निरोगी' हे दोन शब्द घुसले, आणि माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे.

या थराला इंग्रज 'थॅच' म्हणतात, म्हणजे गवताने शाकारलेलं छप्पर. कोकणात ज्याने शाकारलेलं घर पाहिलंय त्याला ही उपमा लगेच पटेल. छप्पर जाड आणि वाळलेलं असेल तर पावसाचं पाणी आत न उतरता वरच्यावर ओघळून जातं. हिरवळीचा थरही एका मर्यादेपलीकडे जाड होऊन वाळला की तसाच वागतो. पण घराला छप्पर नको असं त्यावरून कुणी म्हणत नाही. बारा मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे साधारण अर्ध्या इंचाचा थर हिरवळीच्या हिताचा असतो. तो उन्हात माती तापू देत नाही, ओल धरून ठेवतो, आणि पोरं क्रिकेट खेळताना पडली तर गुडघे वाचवतो. तक्रार सुरू होते ती थर वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर. तेव्हा गवताची मुळं मातीत उतरायचं सोडून त्या थरातच घर करतात, आणि दोन दिवस पाणी चुकलं की सगळं पिवळं पडतं.

मग पहिला प्रश्न हा, की आपल्या लॉनचा थर किती आहे? यंत्र आणण्यापूर्वी हे कुणी मोजलं होतं का? नव्हतं. मागच्या पट्ट्यावर मांडवाचे वासे रचून ठेवल्यामुळे यंत्र तिथे गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावरची सुरी घेऊन तिथे बसलो (ती सुरी पुन्हा ओट्यावर आणायची नाही, असा घरातून हुकूम सुटला). तळहाताएवढी तिरकी पाचर कापून उचलली की सगळा हिशेब डोळ्यांपुढे येतो. वर हिरवी पाती, त्याखाली नारळाच्या काथ्यासारखा तपकिरी गुंता, आणि त्याखाली काळी माती. शाळेतली पट्टी लावून तो काथ्या मोजला. पाच ठिकाणी पाचरी कापल्या. तीन ठिकाणी सात ते नऊ मिलिमीटर, कडुलिंबाखाली जेमतेम चार. पाचवी जागा गळक्या नळाजवळची, जिथे माळी युरिया कालवलेल्या बादलीतलं उरलेलं पाणी रोज ओततो. तिथे एकतीस. दोन बाजल्यांएवढा तो तुकडा सोडला, तर आमच्या लॉनला काही झालेलंच नव्हतं. आणि समोरचा अर्धा एकर मात्र सोलून झाला होता.

स्कॅरिफाय या शब्दाला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, फासण्या. कातडीवर बारीक चिरे मारून रक्त काढायचं, त्याला फासण्या टाकणं म्हणत. इंग्रजीतही हा शब्द वैद्याच्या हाती आधी होता, बागेत तो नंतर आला. वाग्भटाने अष्टांगहृदयात याच क्रियेला प्रच्छान म्हटलंय, आणि ती कुणाला करावी हेही सांगितलंय. दुष्ट रक्त एकाच जागी असेल तर प्रच्छान. अंगभर पसरलं असेल तर उपाय वेगळा. पुढे युरोपात वसंत ऋतू आला की धडधाकट माणसानेही न्हाव्याकडून रक्त काढून घ्यावं, अशी रीतच पडली. प्रकृती चांगली राहावी म्हणून! रोग एका जागचा आणि फासण्या सगळ्या अंगाला, हा प्रकार आमच्या लॉनवर दिसला, तेव्हा मला त्या न्हाव्यांची आठवण झाली.

आता कापलेल्या गवताचं पाहू. लॉन कापल्यावर खाली पडलेली पातीच थर वाढवतात ही समजूत इतकी पक्की आहे, की आमचा माळी प्रत्येक कापणीनंतर पंजा घेऊन एकेक काडी गोळा करतो. पण पात्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, आणि उरतं ते कोवळं. त्यात लाकडाला कणखर करणारं लिग्निन फारच थोडं. सूक्ष्मजीव ते चटकन फस्त करतात, आणि त्यातलं नत्र मातीला परत मिळतं. काथ्या होतो तो पात्यांचा नव्हे. जमिनीवर सरपटणारे धागे, मातीत शिरलेल्या कांड्या, बुंधे आणि मुळं यांच्यात लिग्निन भरपूर असतं, ते कुजायला वेळ लागतो, म्हणून तेच साठतात. अट एवढीच, की पाती एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नयेत. दोन महिने वाढू देऊन गुडघाभर गवत कापलं आणि तसंच टाकलं, तर खालचं गवत दडपून मरेल, पण त्याचा दोष पात्यांना देता येणार नाही. आमच्याकडे मात्र पाती पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि महिन्याभराने तेवढंच नत्र युरियाच्या गोणीतून विकत येतं.

थर साठतो कधी, तर गवत वाढण्याचा वेग कुजण्याच्या वेगाच्या पुढे जातो तेव्हा. वाढ पळते ती रोजच्या पाण्यामुळे आणि युरियामुळे. कुजणं मंदावतं ते माती आंबट झाली, घट्ट झाली, किंवा तिच्यातली गांडुळं मेली म्हणजे. याचा मला ठाऊक असलेला सर्वांत मोठा पुरावा इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यातल्या रोथॅमस्टेड इथे आहे. तिथे १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी एका जुन्या कुरणाचे वाफे पाडून प्रत्येकाला वेगवेगळं खत द्यायला सुरुवात केली. 'पार्क ग्रास' नावाचा तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालं आणि चुना मिळाला नाही, त्यांची माती जबर आंबट झाली, गांडुळं नाहीशी झाली, आणि वर न कुजलेल्या गवताची गादी साचली. त्याच कुरणातल्या ज्या वाफ्यांना हे खत नव्हतं, तिथे अशी गादी नाही. खरवडणी ना इथे झाली, ना तिथे. कुरण आणि लॉन यांत फरक आहे हे मान्य. कुरणातलं गवत वर्षातून एकदोनदाच कापतात आणि वाळवून उचलून नेतात. पण गादी कशाने साचते याचं उत्तर मिळायला तेवढं पुरे.

यातला गमतीचा भाग असा, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन-अमेरिकेतल्या गोल्फच्या मैदानांवर माती मुद्दाम आंबट करत असत. अमोनियम सल्फेट टाकायचं, म्हणजे तण मरतं आणि चेंडूच्या वाटेत येणाऱ्या गांडुळांच्या मातीच्या गोळ्या बंद होतात. गांडुळं गेली, गोळ्या गेल्या, आणि वर थर चढू लागला. मग तो काढायला आणखी पाती, आणखी यंत्रं. डार्विनने १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून जास्त कोरडी माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता. हे दहा टन ती पृष्ठभागावर आणून पसरतात, पडलेली पानं बिळात ओढून नेतात. थर मातीत मुरवण्याचं हे काम फुकट चाललेलं असतं.

आणि आपण काय करतो? हुमणी लागेल या भीतीने दर पावसाळ्यात लॉनवर कार्बोफ्युरॉनचे दाणे फेकतो. गांडुळांना ते जबर विषारी आहे. मग दिवाळीनंतर त्याच लॉनवर गांडूळखताच्या गोण्या विकत आणून पसरतो. आमच्या सोसायटीच्या हिशेबवहीत या दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत.

इंग्लंडचा दाखला कंत्राटदाराने दिलाच आहे, तर तोही तपासू. तिथल्या हिरवळीत राय, फेस्क्यू, बेंट ही थंड हवेची गवतं असतात. त्यांची वाढ सोळा ते चोवीस अंशांत जोमाने होते. सप्टेंबरात तिथली माती अजून उबदार असते, पाऊस येऊ लागतो, उन्हाळ्यात थकलेलं गवत पुन्हा उभारी धरतं. तेव्हा खरवडलं तर जखम भरून यायला सहा-सात आठवडे मिळतात. काउंटी क्रिकेटच्या मैदानांवरही हंगाम संपला की खेळपट्ट्यांचा चौकोन असाच खरवडून, बी टाकून, वर माती पसरतात. त्यात चूक काही नाही. पण आमच्या लॉनमध्ये आहे हरळी. तिला सत्तावीस ते पस्तीस अंश लागतात, आणि पारा पंधराच्या खाली गेला की ती हात-पाय आखडून बसते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो. सप्टेंबराच्या मध्याला तिला सोललं, तर ऑक्टोबरच्या उकाड्यात थोडी भर पडते आणि मग थंडी. उघड्या पडलेल्या मातीत तोवर लव्हाळा आणि गाजरगवत शिरतं. आमच्याकडे तेच झालं. संक्रांतीपर्यंत पुढच्या लॉनवर पावलापावलाला टक्कल होतं.

इंग्लंडमधल्या सप्टेंबराचं काम आपल्याकडे रोहिणी-मृगात येतं. आपल्या जुन्या माळ्यांना हे ठाऊक होतं. मे अखेर, वळीव पडून गेल्यावर, ते गवत खुरप्याने जमिनीलगत खरडत, पंज्याने जुने धागे ओढून काढत, शेणखत पसरत, आणि मग पाऊस लागला की पंधरा दिवसांत हिरवंगार होई. बागकामाच्या आपल्याकडच्या पुस्तकांतही खरडणी पावसाच्या तोंडावरच सांगितली आहे. म्हणजे यंत्र येण्याआधीही आपल्याकडे हिरवळ खरवडत होतेच, फक्त पंचांग आपलं होतं. कोकणात आणि गोव्यात हिवाळा नावापुरता, तिथे थंडीची अडचण नाही. तिथे अडचण पाऊस ओसरल्यानंतरच्या पाण्याची. शिवाय तिथली जांभ्याची माती मुळात आंबट, तिला चुन्याचा उपयोग होईल. आमच्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर. इंग्रजी पुस्तकात वाचून पुण्याच्या लॉनवर चुना फासणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

हरळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. दूर्वेचं वर्णन करणाऱ्या वैदिक मंत्रालाही ठाऊक होतं, की ती कांड्याकांड्यातून फुटते. शेतकऱ्याला हे वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. काळ्या रानात हरळी शिरली की हातभर खोल खणून काढावी लागते, आणि एक पेर राहिलं तरी पुढच्या वर्षी ती हजर. म्हणजे स्कॅरिफायरची पाती हरळीचे धागे चिरतात तेव्हा प्रत्येक तुकडा नवं रोप होऊ शकतो. आमच्या कंत्राटदाराने तो सगळा ढीग पोत्यांत भरून टेम्पोने नेला, आणि कचरा हलवण्याचे पैसे वेगळे लावले. हरळीची हिरवळ करायची आपली एक जुनी पद्धत आहे. दूर्वांचे बारीक तुकडे शेणमातीत कालवायचे आणि तो काला ओल्या जमिनीवर सारवल्यासारखा पसरायचा. पैसे देऊन आम्ही आमचं बियाणं बाहेर पाठवलं.

अर्थात प्रत्येक हिरवळ हरळीची नसते. सध्या रोपवाटिकांतून 'मेक्सिकन' म्हणून जे बारीक, दाट गवत लादीसारखं विकतात ते झोयशिया. ते हळू वाढतं, दाट गादी करतं, जागोजाग उंचवटे धरतं. थर साठण्याची तक्रार त्याच्या बाबतीत खरीच असते. पण हळू वाढतं म्हणूनच जखमही हळू भरते, आणि हरळीच्या हिशेबाने खोल खरवडलं तर वर्षभर डाग राहतो. तिथे पावसाच्या सुरुवातीला, हलक्या हाताने, तेही मोजून झाल्यावरच.

माळ्यांच्या जुन्या रीतीतलं सगळंच मी डोक्यावर घेणार नाही. खरडणीनंतर इंचभर लाल माती ओतायची त्यांची सवय वाईट. खाली काळी माती, मध्ये दडपलेला काथ्या, वर लाल माती, असे थरावर थर होतात आणि पाणी प्रत्येक सांध्यावर अडतं. पण त्याच कृतीचं हलकं रूप मात्र थरावरचा मला सर्वांत पटलेला उपाय आहे. चाळलेली माती आणि मुरलेलं खत, तीन-चार मिलिमीटरच, पात्यांची टोकं दिसत राहतील इतपत, आणि झाडूने आत झाडून घालायचं. माती काथ्यात मिसळली की मातीतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात, ओल टिकते, आणि तो जागच्या जागी कुजू लागतो. माती शक्यतो खाली आहे त्याच जातीची हवी.

'मुळांना हवा मिळत नाही' ही तक्रार तर भलत्याच रोगाची. माती दबली की हवा कोंडते, आणि आमची माती दबते ती दर वर्षीच्या मांडवाने, हळदीकुंकवाच्या खुर्च्यांनी आणि संध्याकाळच्या क्रिकेटने. स्कॅरिफायरची पाती काही मिलिमीटरच आत जातात. दबलेला थर त्याच्या खाली राहतो. त्याला काट्याने बोटभर खोल भोकं पाडावी लागतात. सावलीतल्या शेवाळाचंही तसंच. यंत्राने शेवाळ निघतं, पण सावली आणि साचलेलं पाणी जागच्या जागी असतं, पुढच्या श्रावणात शेवाळ परत.

पूर्वपक्षाकडे एक बळकट मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. खरवडल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी लॉन खरोखर चांगलं दिसतं, असं अनुभवी माणसंही सांगतात. योग्य हंगामात केलं तर दिसतं, हे मीही पाहिलंय. पण खरवडणी कधी एकटी होते का? तिच्या मागोमाग खत पडतं, माती पडते, रोज पाणी मिळतं, आठवडाभर कुणी पाय ठेवत नाही, आणि हंगाम तर वाढीचाच. श्रेय यातल्या कुणाचं? मागच्या पट्ट्याला यंत्र लागलं नव्हतं. माती आणि पाणी मात्र मी माळ्याच्या मागे लागून तेवढंच दिलं. जानेवारीत पुढचं लॉन आणि तो पट्टा शेजारीशेजारी पाहणाऱ्याला काही विचारावं लागलं नसतं. एका सोसायटीतल्या एका पट्ट्यावरून शास्त्र होत नाही, हे मी जाणतो. पण कंत्राटदाराने तेवढीही तसदी घेतली नव्हती. आणि गोल्फच्या हिरवळीवर, जिथे बेंट गवत तीन मिलिमीटरवर रोज कापतात आणि थर सतत वाढत असतो, तिथे खरवडणी अधूनमधून हवीच. तिथे चेंडू कसा घरंगळतो हा प्रश्न असतो. आमच्या लॉनवर दूर्वा खुडतात.

२०२४च्या जूनमध्ये, मृगाचे दोन पाऊस झाल्यावर, आम्ही फक्त नळाजवळचा तुकडा खुरप्याने खरडला. निघालेले धागे माळ्याने बारीक चिरले, शेणमातीत कालवले आणि पुढच्या टकलांवर सारवले. युरियाची बादली तिथे ओतायची नाही असं त्याला तीनदा सांगितलं. गणपतीपर्यंत पुढचं लॉन बऱ्यापैकी भरलं. आजी मात्र अजून मागच्याच पट्ट्यावर जातात, पुढच्या दूर्वांवर त्यांचा भरवसा नाही. दुसऱ्या वर्षी मी नळाखाली पुन्हा पाचर कापली. चौदा मिलिमीटर. नळाचा वॉशर बदलण्याचा ठराव सोसायटीच्या समितीपुढे आहे.